वेल्श भाषेंतील लोकप्रिय गीत व ध्वनिक्षेपणांतील स्त्रिया

हस्तलिखित हातीं आलें म्हणजे आपण प्रथम शेवटचें पान उलटतों. पुष्पिकेंत ग्रंथाचें नांव, कर्त्याचें नांव, नक्कल करणाराचें नांव, शक व तिथि हीं मिळतात; आणि दैव अनुकूल असेल तर पोथी ज्यानें लिहवून घेतली त्याचेंहि नांव सांपडतें. हें शेवटचें नांव इतिहासाच्या दृष्टीनें पुष्कळदां सर्वांत मोलाचें ठरतें. पोथी कां सिद्ध झाली, कोणाच्या द्रव्यानें आणि कोणासाठीं, हें त्यावरूनच कळतें. ध्वनिमुद्रिकेच्या मध्यभागीं चिकटविलेला गोल कागद ही देखील एक पुष्पिकाच होय. मात्र तींत लिहवून घेणाराला जागा नसते. गायिका, गीत, कंपनी, अनुक्रमांक, फार तर कवि व स्वरकार, एवढ्यावर ती आटोपते.

प्रस्तुत लेखाचा विषय ब्रिटनच्या पश्चिम भागांतील वेल्स हा देश, त्याची वेल्श भाषा आणि त्या भाषेंत १९६० नंतर झपाट्यानें वाढलेलें लोकप्रिय गीत, ज्यास सर्वत्र पॉप संगीत म्हणतात, हा आहे. या गीताच्या तबकड्या जमविणारे संग्राहक आज पुष्कळ आहेत. त्यांच्या याद्यांत गायकांचीं नांवें असतात, कंपन्यांचीं असतात. परंतु तीं गीतें ज्यांनीं मागवून घेतलीं, ज्यांनीं अनोळखी मुलींना बोलावून ध्वनिक्षेपकासमोर उभें केलें, त्यांचीं नांवें तेथें दिसत नाहींत. आणि तीं शोधूं लागल्यास त्यांत कांहीं स्त्रिया अगदीं मोक्याच्या जागीं आढळतात. सर्व श्रेय स्त्रियांच्या पदरांत टाकावें असा हेतु नाहीं; पुरुषांचा वांटा मोठा होता व तोहि पुढें सांगितला आहे. परंतु लिहवून घेणाराचें नांव गाळून पोथीचा इतिहास सांगतां येत नाहीं, हें या मंडळाच्या वाचकांस वेगळें सांगणें नको.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास या दूरच्या भाषेविषयीं जवळीक वाटावी याला कारण आहे. इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें सांगितलें, तेव्हां केल्टिक भाषाहि त्याच कुळांतल्या असाव्या असें सुचविलें होतें. वेल्श ही केल्टिक शाखेचीच भाषा; आणि जोन्स यांचे वडील, ज्यांनीं १७०६ सालीं वर्तुळाच्या गुणोत्तराकरितां 'पाय' हें चिन्ह प्रथम योजिलें ते गणिती, वेल्सच्या अँगलसी बेटांतले. वेल्शमध्यें 'ट्री' म्हणजे तीन, 'डेग' म्हणजे दहा, 'ग्वेदू' म्हणजे विधवा, आणि 'हेन' म्हणजे जुना. या 'हेन'चा व आपल्या 'सनातन' शब्दांतील 'सन' याचा उगम एकच आहे. या भाषेंतील एक विशिष्ट ल-कार इंग्रजांस फार जड जातो. मराठी माणसानें 'कोल्हा' म्हणतांना जीभ जेथें ठेवतों तेथेंच ठेवून नुसता श्वास बाजूनें सोडला तर तो बराचसा साधतो. म्हणून येथें तो 'ल्ह' असा लिहिला आहे. वेल्शमध्यें देशाचें नांव 'कम्री' असें आहे. तें पुढें वारंवार येईल.

आतां भाषेची स्थिति. १९०१ च्या जनगणनेंत वेल्समधील जवळ जवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९६१ मध्यें हें प्रमाण शेंकडा २६ वर आलें, १९७१ मध्यें २०.८ वर, आणि १९८१ मध्यें सुमारें १९ वर. म्हणजे ज्या वीस वर्षांत वेल्श पॉप गीताचा जन्म झाला व तें वाढलें, त्याच वीस वर्षांत भाषा वेगानें ओसरत होती. ओहोटींत होडी बांधण्याचाच हा प्रकार. आणि ती कोणाच्या हातून बांधली गेली हा आपला प्रश्न.

वेल्समधील ध्वनिक्षेपणाचा आरंभ १३ फेब्रुवारी १९२३ रोजीं कार्डिफ येथें झाला. त्या रात्रीं मॉस्टिन टॉमस या गायकानें 'डाविध अ गारेग वेन' हें जुन्या वीणेच्या चालीवरील गीत गाइलें, आणि वेल्श गीत प्रथमच वातावरणांतून ऐकूं आलें. तथापि कार्डिफ हें शहर इंग्रजी बोलणारें, आणि नभोवाणीचा कारभारहि बहुतांशीं इंग्रजींतच चाले. १९३५ मध्यें उत्तरेकडे बँगॉर येथें केंद्र उघडलें, १९३७ मध्यें वेल्सला स्वतंत्र प्रदेशाचा दर्जा मिळाला, तेव्हां वेल्श भाषेला थोडी ऐसपैस जागा झाली.

या आरंभींच्या काळांतील एक स्त्री विसरतां कामा नये, ती माइ जोन्स (१८९९–१९६०). न्यूपोर्ट गांवची ही पियानोवादक १९४१ मध्यें बीबीसीच्या कार्डिफ केंद्रांत मनोरंजन-कार्यक्रमांची निर्माती झाली. १९४० मध्यें सुरू झालेला 'वेल्श रेअरबिट' हा तिचा कार्यक्रम युद्धकाळांत साऱ्या ब्रिटनमध्यें ऐकिला जात असे, आणि परदेशीं गेलेल्या वेल्श माणसांस घरीं बोलावणारें जें प्रसिद्ध स्वागतगीत त्यांतून लोकांच्या तोंडीं बसलें त्याची चाल तिचीच. परंतु गीत इंग्रजी, व कार्यक्रमहि मुख्यत्वें इंग्रजी. त्याच दशकांत बँगॉरहून सॅम जोन्स यांनीं 'नोसॉन लावेन' म्हणजे 'आनंदाची रात्र' हा वेल्श भाषेंतील कार्यक्रम चालविला, आणि त्यांत तीन विद्यार्थ्यांचें एक त्रिकूट विनोदी गाणीं गात असे. त्या तिघांपैकीं एक मेरेडिध इव्हान्स. हें नांव लक्षांत ठेवावें. पुढें तें दोनदां, आणि अगदीं निराळ्या वेषांत, भेटणार आहे. १९५० च्या आसपास स्थिति ही अशी: कार्डिफला निर्मातीच्या आसनावर स्त्री बसलेली, पण गीत इंग्रजी, बँगॉरला गीत वेल्श, पण गाणारे पुरुष. दोहोंचा मेळ पडावयास आणखी पंधरा वर्षें लागलीं.

मध्यंतरीं एक घटना घडली. १३ फेब्रुवारी १९६२ रोजीं, म्हणजे तारखेनें बरोबर एकोणचाळीस वर्षांनीं, सॉन्डर्स लूइस या नाटककारानें बीबीसीवरून 'टंगेड अर याइथ' म्हणजे 'भाषेचें भवितव्य' हें व्याख्यान दिलें. आहे तसेंच चालत राहिल्यास एकविसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास वेल्श ही जिवंत भाषा म्हणून संपेल, असें त्यांनीं बजावलें. त्याच वर्षीं 'कम्डेइथास अर याइथ' ही भाषासंस्था स्थापन झाली व तरुण मंडळी रस्त्यावर उतरली. १९६५ मध्यें लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठीं ट्रवेरिन नदीचें खोरें बुडविण्यांत आलें व कापेल केलिन हें वेल्श बोलणारें खेडें त्यांत गेलें. तरुणांच्या मनांत जो क्षोभ सांठला तो कांहीं अंशीं गाण्यांतून बाहेर पडूं पाहत होता. पण गाणें ऐकविणार कोठें? मेळावे व 'आइस्टेदवॉड' नांवाचे परंपरागत काव्य-संगीत-महोत्सव होते. तेथें वीणा, वृंदगान व छंदोबद्ध काव्य यांचा मान मोठा. हातांत गिटार घेतलेल्या मुलीला तेथें फारशी जागा नव्हती.

चित्रवाणीवर स्त्रिया दिसूं लागल्या होत्या, हें खरें. टीडब्ल्यूडब्ल्यू या १९५८ मध्यें सुरू झालेल्या खाजगी कंपनीवर 'अमसेर टे' म्हणजे 'चहाची वेळ' हा वेल्श भाषेंतील बायकांचा कार्यक्रम मवान्वी हॉवेल ही बाई चालवीत असे. पुढें नटी म्हणून जगप्रसिद्ध झालेली शान फिलिप्स ही विद्यार्थिदशेंत बीबीसीच्या वेल्स केंद्रावर निवेदिका होती व बातम्याहि वाचीत असे. परंतु निवेदिका म्हणजे दुसऱ्यानें ठरविलेलें वाचणारी. आणि बायकांचा कार्यक्रम म्हणजे मुख्य दिवाणखान्याच्या बाजूची खोली. कोणाला बोलवावें, काय गावें, किती पैसे द्यावे, हें ठरविण्याचा अधिकार ही गोष्ट वेगळी.

तो अधिकार ज्या स्त्रीच्या हातीं आला ती रूथ प्राइस. १९६३ मध्यें मेरेडिध इव्हान्स, तोच त्रिकुटांतला गायक, बीबीसी वेल्सच्या मनोरंजन-विभागाचा प्रमुख झाला, आणि त्याच्या विभागांत रूथ प्राइस निर्माती होती. तिच्या हातून दोन कार्यक्रम निघाले. पहिला 'होब अ डेरी डांडो'. हें नांव एका जुन्या लोकगीताच्या ध्रुवपदांतलें. दुसरा 'डिस्क आ डाऊन'. या दुसऱ्या नांवांत श्लेष आहे. वेल्शमध्यें 'डिस्ग आ डाऊन' म्हणजे विद्या व प्रतिभा. एका अक्षरानें त्याची 'तबकडी व प्रतिभा' झाली. प्रार्थनामंदिरांत व शाळांत वाढलेल्या श्रोत्यांना ओळखीचा गंभीर शब्द ऐकूं यावा, आणि नीट पाहिल्यावर त्यांतून तबकडी निघावी, अशी ही योजना. कार्डिफमध्यें ब्रॉडवे नांवाच्या रस्त्यावरचें एक जुनें मेथडिस्ट प्रार्थनामंदिर बीबीसीनें चित्रवाणीच्या कामासाठीं घेतलें होतें. तेव्हां श्लेष केवळ शब्दांपुरता नव्हता असेंच म्हणावें लागतें.

या कार्यक्रमांचें महत्त्व कळण्यास त्या काळच्या व्यवहाराकडे पाहिलें पाहिजे. इंग्रजी पॉप गीताची गोष्ट सोपी होती: कंपनी तबकडी काढी, नभोवाणी ती वाजवी, लोक विकत घेत. वेल्शमध्यें वाजवावयास तबकड्याच नव्हत्या. पोंटार्डावे व ल्हानडबीए यांसारख्या गांवांतून छोट्या कंपन्या काम करीत, पण त्यांचा भर वृंदगान, स्तोत्रें व वीणा यांवर. भाषा बोलणारे सहा-सात लक्ष. त्यांतले तरुण थोडे. तेव्हां अनोळखी मुलीच्या गाण्यावर भांडवल कोण घालणार? अशा वेळीं चित्रवाणीच्या निर्मातीनें दर आठवड्यास ठराविक गाणीं दाखविण्याचें पत्करलें म्हणजे तीं कोठून तरी आणणें तिला भागच पडे. मग कवींकडून शब्द मागवावयाचे, परदेशी चालींवर वेल्श पदें लिहवून घ्यावयाचीं, शाळा-कॉलेजांतून व मेळाव्यांतून आवाज हुडकावयाचे. गाणाऱ्याला मानधन मिळे. आठवड्याच्या ठराविक वेळीं घरोघर त्याचें तोंड दिसे, आणि मग पोंटार्डावेच्या कंपनीला तबकडी काढण्याचें धैर्य येई. तबकडी निघाली कीं नभोवाणीस वाजविण्यास कांहींतरी मिळे. हें चक्र एकदां फिरूं लागल्यावर त्याचा आरंभ कोठें झाला तें लोक विसरले. आपल्याकडील भावगीतहि ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांच्या आधारानेंच घरोघर पोंचलें. परंतु मराठीला नाटकाची रंगभूमि व चित्रपट यांचाहि टेंकू होता. वेल्शला तसें कांहीं नव्हतें. तेथें बीबीसीचा विभाग हाच राजाश्रय, आणि कोणाची वर्णी लावावयाची हें ठरविणारी दरबारी व्यक्ति म्हणजे निर्माती.

या दरबारांतून जे आवाज पुढें आले त्यांत मुलींचे किती होते हें पाहण्यासारखें आहे. पोंटार्डावेची मेरी हॉपकिन (जन्म १९५०) हिनें 'केंब्रियन' या तेथल्याच कंपनीसाठीं वेल्श गीतें गाइलीं. त्यांची तबकडी १९६८ सालची. त्याच वर्षीं लंडनला पॉल मॅकार्टनी यांनीं तिच्याकडून इंग्रजी गीत गाऊन घेतलें व तें ब्रिटनमध्यें सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. संग्राहक तिची ती इंग्रजी तबकडी जपून ठेवतात. पण वेल्श तबकडी ही त्या कथेची पूर्वपीठिका आहे. अँगलसी बेटांतील ॲलोमा ही मुलगी टोनी या साथीदारासह गात असे. या जोडीची पहिली तबकडीहि १९६८ चीच व त्याच कंपनीची.

हेदर जोन्स हिची गोष्ट निराळी. ती कार्डिफची, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली. वेल्श तिनें शिकून घेतली. १९६९ मध्यें मेइक स्टीव्हन्स व गेरायंट जारमन या दोघांसह 'अ बारा मेनिन' म्हणजे 'लोणीपाव' या नांवाचें त्रिकूट तिनें काढलें. त्यानंतर थोड्याच काळानें तिनें गाइलेलें 'कोल्ही याइथ' म्हणजे 'भाषा गमावणें' हें गीत आजहि वेल्समध्यें सर्वांस ठाऊक आहे. त्याचे शब्द हॅरी वेब या कवीचे. हा कवि बहुतेक काव्य इंग्रजींत लिही. चाल मेरेडिध इव्हान्स यांची. शिकून घेतलेल्या भाषेंत गाणारी मुलगी, इंग्रजींत लिहिणारा कवि, आणि चाल बीबीसीच्या विभागप्रमुखाची: या एका गीतांत त्या काळाची सारी रचना दिसते. दुर्दैव असें कीं गोल कागदावर यांतलें फार थोडें मावतें.

१९६९ मध्यें 'कान ई गम्री' म्हणजे 'वेल्ससाठीं गीत' ही वार्षिक स्पर्धा चित्रवाणीवर सुरू झाली. पहिल्या वर्षीं मार्गारेट विल्यम्स हिनें गाइलेलें 'अ क्विल्ट कमरेग' हें गीत जिंकलें. १९७१ मध्यें एलेरी ल्हुइड, १९७२ मध्यें हेदर जोन्स, १९७४ मध्यें आयरिस विल्यम्स. पहिल्या सहा वर्षांत चार वेळां विजयी गीत स्त्रीकंठांतून आलें. शब्द व चाल मात्र बहुधा पुरुषांची. एलेरी ल्हुइड हिचें गीत ड्यूई मॉरिस यांचें होतें. येथें वांटणी स्पष्ट दिसते. गळा स्त्रीचा, लेखणी पुरुषाची, आणि दोघांना एकत्र आणणारी निर्माती त्या कागदाच्या बाहेर.

आयरिस विल्यम्स हिच्याविषयीं आणखी एक गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस रुचेल. तिचें सर्वांत गाजलेलें वेल्श गीत म्हणजे विल्यम विल्यम्स पांटिकेलिन (१७१७–१७९१) या स्तोत्रकर्त्याचें पद. अठराव्या शतकांतील हें पद, ज्यांत कवि स्वतःस उजाड भूमींतला यात्रेकरू म्हणवितो, तें 'अमेझिंग ग्रेस' या अमेरिकेंत रूढ झालेल्या चालीवर तिनें गाइलें. आयरिस ही एका कृष्णवर्णी अमेरिकन सैनिकाची व वेल्श आईची मुलगी, पालकमात्यापित्यांच्या घरीं वाढलेली. जुनें पद, नवी चाल. आणि तें पद एका पिढीच्या कानांत पुन्हा बसलें. संतांचे अभंग नव्या चालींत ऐकून नाक मुरडणारे आमच्यासारखे लोक वेल्समध्येंहि होतेच.

याच सुमारास कंपन्यांची बाजूहि बदलली. १९६९ मध्यें डाविध इवान, ह्यू जोन्स व ब्रायन मॉर्गन एडवर्ड्स यांनीं कार्डिफमध्यें 'साइन' म्हणजे 'ध्वनि' ही कंपनी काढली. तिची पहिली तबकडी ह्यू जोन्स यांचें 'डूर' म्हणजे 'पाणी' हें गीत. विषय बुडालेल्या खोऱ्यांचा. पुढें ही कंपनी उत्तरेकडे काइर्नार्वॉनजवळ ल्हानडूरॉग येथें गेली व वेल्श गीताचें मोठें भांडार झाली. नभोवाणीवर १९६८ पासून 'हेलो, सिट दाख खी?' म्हणजे 'काय, कसे आहांत?' हा तरुणांचा कार्यक्रम शनिवारीं सकाळीं लागूं लागला. निवेदक हवेल ग्विनव्रिन. बोलीभाषेंत, इंग्रजी शब्द मिसळून तो बोलतो म्हणून शिक्षक व धर्मोपदेशक यांनीं पुष्कळ कुरकुर केली. प्रस्तुत लेखक त्या काळीं तेथें असता तर त्यानेंहि एखादें खरमरीत पत्र धाडलें असतें. मात्र वेल्श ही केवळ रविवारच्या पोषाखांतली भाषा नव्हे, शनिवारीं सकाळीं अंथरुणांत लोळतांनाहि ती चालते, हें मुलांना त्या कार्यक्रमानें पटविलें. आणि तें व्याकरणाच्या तासाला कोणत्याहि शिक्षकाच्या हातून झालें नसतें.

३ जानेवारी १९७७ रोजीं 'रेडिओ कम्री' ही वेल्श भाषेची स्वतंत्र नभोवाणी सुरू झाली. आरंभीं दिवसांतून थोडे तासच. १३ नोव्हेंबर १९७८ रोजीं इंग्रजीसाठीं 'रेडिओ वेल्स' निघाला. या दुसऱ्या सेवेची पहिली संपादक टेलेरी बेवन (१९३१–२०२०) ही होती. ती वेल्श बोलणारी, आणि हातीं सेवा इंग्रजी; तेव्हां वेल्श गीताशीं तिचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं तोंवर दोन्ही भाषा एकाच सेवेंत एकमेकींचे तास खात होत्या. इंग्रजी बोलणाऱ्या वेल्श श्रोत्यास त्याचें स्वतःचें घर मिळालें तेव्हांच दुसऱ्या घरांत वेल्शला मोकळेपणें हातपाय पसरतां आले. १९८५ मध्यें बेवन बीबीसी वेल्सच्या सर्व कार्यक्रमांची प्रमुख झाली. माइ जोन्सपासून तिच्यापर्यंत चव्वेचाळीस वर्षें जावीं लागलीं.

चित्रवाणीच्या स्वतंत्र वेल्श वाहिनीसाठीं मात्र लढा द्यावा लागला. सरकारनें दिलेलें वचन मोडल्यावर ऑक्टोबर १९७९ मध्यें तीन विद्वान गृहस्थांनीं पेनकारेग येथील प्रक्षेपण-केंद्रांत शिरून यंत्र बंद केलें. त्या तिघांपैकीं एक मेरेडिध इव्हान्स, नोसॉन लावेनमधला गायक, मनोरंजन-विभागाचा माजी प्रमुख. ग्विनवोर इव्हान्स या राष्ट्रवादी पुढाऱ्यानें १९८० मध्यें प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली, तेव्हां सरकार नमलें. आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजीं एस-फोर-सी ही वाहिनी सुरू झाली. 'डूर' गाणारे ह्यू जोन्स १९९४ मध्यें तिचे मुख्याधिकारी झाले, व त्यांच्यामागून २००५ मध्यें आयोना जोन्स ही त्या आसनावर बसणारी पहिली स्त्री.

या नव्या जगांत गायिका व ध्वनिक्षेपक यांतील भिंत पडली. कॅरिल पॅरी जोन्स (जन्म १९५८) हें याचें ठळक उदाहरण. शाळकरी वयांत 'सिडन' म्हणजे 'रेशीम' या गायिकांच्या संचांत ती होती, त्याची मोठी तबकडी १९७५ ची. मग १९७७ मध्यें 'इन्जारॉक', आणि १९८० व १९८२ मध्यें 'बांडो' या संचाच्या तबकड्या. ती स्वतः गीतें रचते, चाली लावते, चित्रवाणीवर विनोदी भूमिका करते, आणि रेडिओ कम्रीवर निवेदनहि करते. मागें जी वांटणी दाखविली, गळा एकाचा, लेखणी दुसऱ्याची, दार उघडणारा तिसरा, ती येथें एकाच व्यक्तींत मिटली आहे. यापुढचा भाग अलीकडचा असल्यानें थोडक्यांत सांगतों. १९८० नंतरच्या दशकांत कर्कश, बंडखोर संच निघाले. त्यांपैकीं 'डाटब्लगी' या संचांत पॅट्रिशिया मॉर्गन वाद्यें वाजवी, आणि लंडनच्या नभोवाणीवरून जॉन पील यांनीं वेल्श न कळतांहि त्यांचीं गाणीं ऐकविलीं. एस-फोर-सीवर 'फिडेओ नाऊ' या कार्यक्रमांत एडी लॅड या निवेदिकेनें अशा संचांना जागा दिली. १९९९ पासून बेथन एल्विन बीबीसीच्या मुख्य तरुण-वाहिनीवर वेल्ससाठींच्या खास कार्यक्रमाची निवेदिका होती. कार्मार्थनच्या तीन मुलींचा 'अद्वाइथ' हा संच २०१९ व २०२२ अशा दोन्ही वेळां वेल्श संगीत-पारितोषिकाचा मानकरी ठरला.

गीत व नभोवाणी एकमेकांवर किती अवलंबून आहेत याचा पुरावा २०१३ च्या आरंभीं मिळाला. रचनाकारांचे हक्क सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेनें २००७ मध्यें मोबदल्याची रीत बदलली व रेडिओ कम्रीवरील वेल्श गीतांचें उत्पन्न फार घसरलें. तेव्हां रचनाकारांनीं 'एऑस' म्हणजे 'बुलबुल' ही स्वतःची संस्था काढली, आणि बीबीसीशीं करार न झाल्यानें १ जानेवारी २०१३ पासून त्यांचीं गीतें नभोवाणीवरून बंद झालीं. रेडिओ कम्रीला आपले तास कमी करावे लागले. उरलेल्या वेळांत स्तोत्रें, अभिजात संगीत आणि इंग्रजी गाणीं. फेब्रुवारींत तात्पुरता करार झाला व डिसेंबरांत न्यायाधिकरणाचा निर्णय आला. १९६५ मध्यें गीत नव्हतें म्हणून निर्मातीनें तें लिहवून घेतलें. २०१३ मध्यें तें काढून घेतल्यावर नभोवाणीलाच बोलावयास अवघड झालें. त्याच वर्षीं बेट्सन पॉविस ही रेडिओ कम्रीची संपादक झाली. २०१८ मध्यें तिच्या जागीं रुआनेध रिचर्ड्स आली, आणि २०२१ मध्यें हीच बाई बीबीसी वेल्सची संचालक झाली. २०२१ च्या जनगणनेंत वेल्श बोलणारे शेंकडा १७.८, म्हणजे सुमारें ५,३८,००० आढळले. संख्या वाढली नाहीं. पण सॉन्डर्स लूइस यांनीं दिलेली मुदत उलटून गेली, आणि भाषेंत दर वर्षीं नवीं गाणीं निघत आहेत.

शेवटीं संग्राहकांकरितां थोडें. १९६०–७० च्या दशकांत चित्रफीत महाग असे, आणि दाखवून झालेला कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची बीबीसीची रीत होती. पुष्कळसे कार्यक्रम अशा रीतीनें गेले. तालपत्रें धुऊन त्यांवर पुन्हा लिहिल्याचें आपण वाचतों, त्यांतलाच हा प्रकार. जें उरलें तें ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत २०२३ मध्यें उघडलेल्या ध्वनिक्षेपण-संग्रहांत पाहावयास मिळतें. परंतु हरवलेली पुष्पिका शोधण्यास याहून सोपी जागा आहे, ती म्हणजे 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाची वेल्ससाठीं निघणारी आवृत्ति. तींत कार्यक्रमाच्या नोंदीखालीं निर्मात्याचें नांव पुष्कळदां छापलेलें असतें. येथें एक सावधगिरी हवी. वेल्शमध्यें निर्मात्यास 'कन्हर्खिध' म्हणतात, आणि तोच शब्द स्त्रीसहि लावतात. कर्ता व कर्त्री असा भेद तेथें दिसत नाहीं. केवळ शब्दावरून पुरुष समजून नोंद करूं नये.

दुसरी अडचण याहून मोठी. आपल्या संधींत दोन वर्ण भेटले म्हणजे बदलतात; वेल्शमध्यें मागील शब्दाच्या प्रभावानें पुढल्या शब्दाचें आद्याक्षरच पालटतें. म्हणून देशाचें नांव 'कम्री', पण 'वेल्ससाठीं' म्हणतांना 'ई गम्री'. आयरिस विल्यम्स हिच्या १९७४ च्या विजयी गीताचें नांव 'ई गाइल कम्रीन गम्री रीध' असें आहे; त्यांत हा एकच शब्द शेजारीं शेजारीं दोन रूपांनीं आला आहे. अकारविल्हे यादी करणारानें क-काराखालीं शोधावें कीं ग-काराखालीं? मूळ रूपाखालीं नोंद करावी व बदललेल्या रूपाखालीं तिचा निर्देश द्यावा, ही रीत बरी. आणि प्रत्येक तबकडीच्या पत्रकावर गायिका, कवि, स्वरकार व कंपनी यांच्या खालीं निर्मातीसाठीं एक ओळ कोरी ठेवावी. त्या आठवड्याचा 'रेडिओ टाइम्स' हातीं आला म्हणजे ती भरतां येईल.